शेवटी कोण बोलणार

वर्तमानपत्रात नणंदेचा फोटो आला की वहिनी तो अंक जपून ठेवायची. दोन-चार दिवस तो बाहेरच्या खोलीत टीपॉयवर असायचा. येणारे-जाणारे बघायचे, "तुमच्याच ना या नणंदबाई?" म्हणायचे, आणि ती तोंडभर हसून "हो, आमच्याच" म्हणायची. मग तोच कागद स्वयंपाकघरातल्या फडताळात डब्यांखाली अंथरला जायचा, फोटो खालच्या बाजूला येईल असा. आणि तरीही डबे पुसायला काढले की हात आपोआप कागदाची कड उचलायचा. दर वेळी नणंद तशीच. केस विस्कटलेले, समोर माईक, आणि एक बोट वर.

ते बोट वहिनीच्या फार जुन्या ओळखीचं होतं. कॉलेजात दोघी एकाच बाकावर बसत. तास संपत आला, पोरं वह्या मिटायला लागली की हे बोट वर जायचं. "सर, एक शंका आहे." सगळा वर्ग कण्हायचा. तिथूनच तिचं नाव पडलं शंका, आणि ते इतकं चिकटलं की पुढे प्राध्यापक झाली, लोकप्रशासन विभागाची प्रमुख झाली, बायकांच्या बाजूने मोठमोठ्या साहेबांशी भांडली, तरी घरात आणि नात्यागोत्यात ती शंकाच राहिली.

बी.ए.च्या परीक्षेत लोकप्रशासनाच्या पेपरात शंकापेक्षा वहिनीला जास्त मार्क होते. ही गोष्ट आता जगात दोघींनाच ठाऊक होती, आणि त्यातली एक विसरली होती.

अभ्यासाला म्हणून शंकाच तिला पहिल्यांदा घरी घेऊन गेली. दार उघडायला शंकाचा मोठा भाऊ आला. "दादाने तेव्हा जे दार उघडलं ते कायमचंच," असं शंका पुढे चारचौघांत रंगवून सांगायची आणि सगळे हसायचे. वहिनीही हसायची. मनात म्हणायची, उघडलं खरं, पण मला आत घेऊन लगेच लावलंही.

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी शंकाने तिला नावाने हाक मारणं सोडलं. "आता तू वहिनी. मान आहे तुझा." बाकावरची मैत्रीण एका रात्रीत मानाची आणि परकी झाली. त्या उन्हाळ्यानंतर शंका एम.ए.ला गेली आणि वहिनी सासूबाईंच्या हाताखाली.

सासूबाई लेकीवर करवादायच्या. "शिकून काय दिवे लावणार आहे, ते दिसेलच." पण हे त्या शंकाच्या ताटात साय वाढताना म्हणायच्या. लग्नाचा विषय निघाला की शंका सांगे, "मी केलं नाही," आणि सासूबाई सांगत, "झालं नाही." खरं काय ते वहिनीला माहीत होतं. एक जण पसंत होता, तिचा सहकारी. "तुझी नोकरी चालेल मला," असं तो म्हणाला. शंकाने बोट वर केलं. "एक शंका आहे. तुझी नोकरी मला चालेल का, हे तू विचारलंस का?" त्याने विचारलं नव्हतं, आणि पुन्हा तो आलाही नाही. त्या संध्याकाळी शंका वहिनीजवळ येऊन बसली, न बोलता कांदे चिरत राहिली. वहिनीला तिची कणव आली. आणि कणवेच्या तळाशी, भांड्याच्या बुडाला लागावं तसं, दुसरंही काही करपत होतं. हिला नको म्हणता येतं.

मधे वहिनीनेही नोकरी केली होती. पाणीपट्टीच्या कचेरीत, तात्पुरती टायपिस्ट म्हणून. काही महिनेच, पण त्या महिन्यांवर ती पुढे वर्षानुवर्षं जगली. त्या कचेरीत बायकांच्या संडासाला कुलूप असायचं आणि किल्ली हेडक्लार्कच्या डोक्यामागे खिळ्याला टांगलेली. किल्ली हवी तर त्याच्या खुर्चीपाशी जाऊन उभं राहायचं. तो मान वर करायचा, आधी तिच्याकडे बघायचा, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि म्हणायचा, "पुन्हा?" कचेरीतल्या बायका सकाळच्या चहानंतर पाण्याचा घोट घेत नसत. वहिनीला दिवस गेले तेव्हा तेवढ्याने भागेना. तिने दिवसभराचं पाणीच सोडलं, ताप भरला, आतून दुखणं सुरू झालं, आणि डॉक्टरांनी नोकरी सोडायला लावली. मुलगी वेळेआधीच जन्मली, ओंजळीत मावेल एवढी. म्हणून ती बारकी.

हे सगळं वहिनीने एकदा शंकाला भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. रडत नव्हे, त्या हेडक्लार्कची नक्कल करून, हसवण्यासाठी. शंका हसली नाही. हातातली शेंग तशीच धरून म्हणाली, "किल्ली त्याच्या मागेच का?"

"मग काय टेबलावर ठेवणार? हरवली तर?"

"हरवली तर काय होईल?"

वहिनी पुढची शेंग निवडायला लागली. शंका मात्र दुसऱ्या आठवड्यापासून कचेऱ्या हिंडायला लागली. ही पाणीपट्टीची, ती रेशनची, जमिनीची, शिक्षण खात्याची. जायची, लोकांसाठी ठेवलेल्या बाकावर तासन्‌तास बसायची, आणि उठताना एकच विचारायची, "बायकांची किल्ली कुठे असते?" कुठे साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, कुठे शिपायाच्या कमरेला. एका ठिकाणी किल्लीच नव्हती, आणि गंमत म्हणजे कुणी ती मागितल्याचं कुणाला आठवतही नव्हतं. विद्यापीठातले तिचे वरिष्ठ हसले. हा काय संशोधनाचा विषय आहे? शंका म्हणाली, "सत्ता कुठे असते ते शिकवतो ना आपण? ती खिळ्यावर असते." पुढे तीन-चार वर्षं अर्ज-विनंत्या झाल्या, अपमान झाले, आणि शेवटी नियम निघाला, की कुलूपच लावायचं नाही. शंकाचं नाव झालं.

त्या कामासाठी तिचा सत्कार झाला तेव्हा वहिनी ठेवणीतले कपडे घालून तिसऱ्या रांगेत बसली होती. शेजारी नवरा, मांडीवर बारकी. शंका बोलायला उभी राहिली. बोट वर झालं. "या कामाची सुरुवात," ती म्हणाली, "माझ्या परिचयातल्या एका बाईंमुळे झाली."

बस्स. परिचयातल्या एका बाई. पुढचं भाषण वहिनीच्या कानावर आलंच नाही.

घरी येताना बसमध्ये नवरा म्हणाला, "छान बोलली, नाही?"

"हो ना," वहिनी म्हणाली. "माझ्या परिचयातली आहे."

नवऱ्याला ते कळलं नाही. त्याला बऱ्याच गोष्टी कळत नसत आणि तो सुखी असे.

आता, शंकाच्या बाजूने सांगायचं तर, ती कुणाही बाईचं नाव कधी सभेत घेत नसे. मदतीला आलेल्या बायकांची नावं ती झोपेतही बोलली नसती. धंद्याची सवय ती. पण सवय कुठे थांबवायची हे तिला समजलं नाही, आणि घरच्या माणसालाही तिने तोच नियम लावला. नावावर झाकण लावून ठेवलेलं माणूस आत गुदमरतही असेल, ही एकच शंका तिला आली नाही.

तिच्याकडे बायका यायला लागल्या. कुणाला साहेबाचा त्रास, कुणाची बढती अडलेली, कुणाला नवऱ्याने घराबाहेर काढलेलं. एव्हाना ती वेगळी राहायला लागली होती; रविवारी तिच्या दोन खोल्यांत चपला ठेवायला जागा नसायची. वहिनी कधी डबा घेऊन गेली तर तिला त्या बायकांमधून वाट काढावी लागे. शंका एकेकीसमोर बसायची, आणि अशी ऐकायची की समोरची बाई बोलता बोलता पाठ ताठ करून बसायची. वहिनी दारात डबा घेऊन उभी राहून ते बघायची. तिला वाटायचं, मीही पदर आडवा धरून रडत आले असते तर माझ्याकडेही हिने असंच बघितलं असतं. पण रडावं असं तिच्याकडे काही नव्हतं. नवरा बरा, घर बरं. तिचं दुःख कुठल्याच अर्जात बसत नव्हतं.

त्या वर्षांत शंकाचा एक मोठा पराभव झाला. एका खात्यातल्या टायपिस्ट बाईने आपल्या साहेबाविरुद्ध तक्रार केली होती. चौकशीच्या समितीत शंका बाहेरची सभासद होती. अध्यक्षांनी सुरुवातीलाच आपलं मत सांगून टाकलं, "मला तरी यात काही तथ्य दिसत नाही." मग एकामागून एक सगळ्यांना तथ्य दिसेनासं झालं. सगळ्यात शेवटी बसलेली, नोकरीत सगळ्यात नवी असलेली, त्याच खात्यातली एक मुलगी, जिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तीसुद्धा "मलाही" म्हणून खाली बघत बसली. शंका एकटी पडली. टायपिस्ट बाई नोकरी सोडून गेली.

त्या दिवसापासून शंकाने एक रीत धरली. बैठक कुठलीही असो, खोलीत ज्याच्या शब्दाला सगळ्यात कमी वजन, त्याने आधी बोलायचं. मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. अध्यक्षाने सगळ्यात शेवटी, आणि सगळ्यांचं ऐकून झाल्यावरच निर्णय द्यायचा. ही रीत तिने विभागात लावली, समित्यांमध्ये लावली, लोक कुरकुरले आणि मग त्यांना सवय झाली. घरातही लावली. सगळे जेवायला जमले, सुट्टीत कुठे जायचं असं काही निघालं, की शंका म्हणायची, "बारकी, आधी तू." चिमुरडी बारकी पाय हलवत आपलं मत द्यायची आणि सगळे ते गंभीरपणे ऐकायचे.

पोरीला आत्याचं वेड लागलं नसतं तरच नवल. घरात दिवसभर "आत्या म्हणते" चालायचं. आत्या म्हणते केस कापले तरी चालतात. आत्या म्हणते पोळ्या बाबांनाही यायला हव्यात. एकदा बारकीला ताप असताना वहिनी रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवत बसली होती, आणि सकाळी डोळे उघडून पोरीने विचारलं, "आत्या येणार?" वहिनीने पट्टी पिळली. जरा जास्तच पिळली.

अशी वर्षं गेली. बारकी पदवीधर झाली, आणि तिने एम.ए.ला विषय घेतला लोकप्रशासन. विद्यापीठ गावाच्या दुसऱ्या टोकाला, आत्याच्या घरापासून चालत जाण्याजोगं. एका संध्याकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "आई, मी आत्याकडे राहायला जाऊ? दोन वर्षं. बसचा वेळ वाचेल. आणि तिच्या कामात मदतही होईल."

"तुझी कल्पना की तिची?"

"दोघींची."

वहिनीने कप उचलले. दोघींची. म्हणजे तिच्या पाठीमागे बोलणं झालं होतं. मार्क गेले, नाव गेलं, किल्ली गेली, ते तिने पोटात घातलं. आता पोटचं पोर. ती नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या बहिणीला म्हणावं, एवढी एक गोष्ट राहू दे माझ्याकडे."

"अगं, याच गावात तर आहे. नेतेय का ती परदेशात?"

"परदेशात नेली असती तर परत तरी आली असती."

ठरलं असं, की रविवारी शंकाने यावं आणि चौघांनी बसून बोलावं. शंकाने त्या रविवारी आपल्याकडच्या बायकांना येऊ नका असं कळवलं. वहिनीला हे समजलं तेव्हा तिने मनात म्हटलं, एवढी तयारी करून येतेय म्हणजे नेणारच.

चौघं जेवणाच्या टेबलाशी बसली. नवरा पेपर घडी करून बाजूला ठेवत होता. बारकीने सवयीप्रमाणे घसा साफ केला. आधी आपणच बोलायचं हे तिला ठाऊक होतं, तिने मुद्दे मनात घोळवलेही असतील. शंकाने चष्मा पुसला, तिघांकडे एकेकदा बघितलं, आणि म्हणाली, "वहिनी, आधी तू."

बारकीने उघडलेलं तोंड मिटलं. मग नवरा म्हणाला, "अगं, लहान बारकी आहे ना?"

"वयाने लहान आहे," शंका म्हणाली. "पण इथे…" आणि तिथेच थांबली. आपण काय बोलून बसलो हे तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटलं.

वहिनी टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडे बघत होती. या घरात, या चौघांत, ज्याच्या शब्दाला सगळ्यात कमी वजन ते माणूस कोण, हे शंकाने एका नजरेत जोखलं होतं. उभा जन्म सत्ता कुठे असते ते शोधणारी बाई, तिचा अंदाज चुकला नव्हता. राग त्याचाच आला. माझं खालचं असणंसुद्धा माझ्याआधी हिलाच दिसावं?

"परिचयातल्या बाईंना विचारतेस होय," वहिनी म्हणाली.

शंकाने चमकून बघितलं.

"तिसऱ्या रांगेत होते मी. हिला मांडीवर घेऊन." तिने बारकीकडे मान केली. "बाईंचं नाव नव्हतं काही?"

"वहिनी, मी कुणाचंच नाव…"

"घेत नाहीस. माहीत आहे. चांगली रीत आहे. आता मीपण तुझ्याच रीतीने चालते." वहिनीने खुर्ची टेबलाजवळ ओढली. "मी आधी बोलणार नाही. मी शेवटी बोलणार. आधी तू."

नवऱ्याने एकीकडून दुसरीकडे बघितलं. बारकीने मात्र श्वास रोखला, कारण तिला या रीतीतली गोम माहीत होती. शेवटी जो बोलतो, निर्णय त्याचा.

शंका आधी कधीच बोललेली नव्हती. निदान एवढ्या वर्षांत नाही. सगळ्यांचं ऐकून, त्यातले धागे उचलून सुरेख विणायची तिला सवय. इथे तिच्या हातात एकही धागा नव्हता. तिने बसचा वेळ सांगितला. ग्रंथालयाचं सांगितलं. मग कामातल्या मदतीचं. मग ती बोलायची थांबली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे सगळं खरं नाही," ती म्हणाली. "म्हणजे आहे, पण त्यासाठी नकोय मला ती. माझ्याकडे एवढ्या बायका येतात, वहिनी. एकीचं काम झालं की ती पुन्हा येत नाही. येऊच नये, तेच तर हवं असतं. रस्त्यात दिसली तरी ओळख दाखवत नाही, ते वाईट दिवस आठवतात म्हणून. तेही बरोबरच." तिने टेबलावर बोटाने रेघ ओढली. "तुझ्याकडे जो येतो तो परत येतो. दादा येतो, ही येते. मी कुलूप उघडते तेव्हा आत पंखासुद्धा बंद असतो."

वहिनीला हे अपेक्षित नव्हतं. शंकाला आपल्याकडचं काही हवं असेल, ही शक्यता तिने कधी धरलीच नव्हती. तिला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर गोडही वाटलं. पहिल्यांदाच तिच्याकडे असं काही होतं, जे बघून दुसऱ्या कुणाच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

नवरा म्हणाला, "मला दोन्ही चालेल." तो आयुष्यभर हेच म्हणत आला होता.

बारकी म्हणाली, "मला आत्याकडे जायचंय. पण आईने असं तोंड केलं तर नाही जायचं."

"कसं तोंड?"

"हेच."

मग सगळे वहिनीकडे बघायला लागले. तिने घाई केली नाही. शेवटी बोलण्यात काय मजा असते, ती तिला आता कळत होती. सगळे पत्ते उघडे, आणि हुकूम आपल्या हातात.

"वसतिगृहात राहील ती," वहिनी म्हणाली.

"वसतिगृहात?" तिघंही एकदम म्हणाले.

"विद्यापीठाच्या आवारातच आहे ना? मग वाचला बसचा वेळ. तुझ्याकडेही नको, माझ्याकडेही नको. आणि रविवारी तिला जिथे जेवावंसं वाटेल तिथे जाऊ दे. कुणी फोन करून विचारायचं नाही, येतेस का म्हणून. मीही नाही, तूही नाहीस. झालं माझं बोलून."

शंकाने बोट वर केलं. वहिनीने तिच्याकडे नुसतं बघितलं. बोट खाली आलं.

बारकी वसतिगृहात गेली. पहिल्या रविवारी वहिनीने कुणी येणार नसल्यासारखा स्वयंपाक केला, फक्त तो सहा माणसांना पुरला असता. नवरा म्हणाला, "फोन करायचा का?" "कशाला?" ती म्हणाली आणि पुन्हा गॅलरीत जाऊन कपडे वाळले का ते बघून आली. दोरीवर कपडे नव्हते. तिच्या डोळ्यांपुढे शंकाचं टेबल येत होतं, आणि त्याच्याशी बसून पाय हलवत खाणारी बारकी. आता हसत असेल. आता आत्या म्हणत असेल, आई बघ कशी.

बेल वाजली. वहिनी जवळजवळ धावली.

दारात शंका होती, हातात संत्र्यांची पिशवी. "सहजच आले," ती म्हणाली, आणि वहिनीच्या खांद्यावरून आत डोकावली. मग स्वयंपाकघराकडे कान दिला. मग हळूच विचारलं, "आत आहे?"

"कोण?"

"कोण काय, वहिनी."

"म्हणजे तुझ्याकडे नाही आली?"

"नाही. मला वाटलं, इथे."

दोघी दारातच उभ्या राहिल्या. आतून नवऱ्याने हाक दिली, "बारकीचा निरोप आलाय. मैत्रिणींबरोबर सिनेमाला चाललीय, जेवण बाहेरच करणार म्हणे."

वहिनीला इतकं बरं वाटलं, इतकं, की तिने शंकाच्या हातातली पिशवी घेतली, तिला हाताला धरून आत आणलं आणि जेवायला बसवलं. आग्रह करकरून वाढलं. शंकाही भूक लागल्यासारखी जेवली. मधेच मीठ हवं म्हणून ती उठली, फडताळातून डबा काढला, आणि डब्याला चिकटून कागदाची कड वर आली. तिने ती उलटून बघितली.

"वहिनी, ही कोण आहे इथे डब्याखाली?"

वहिनीने भाताचा डाव खाली ठेवला नाही, मानही वळवली नाही.

"माझ्या परिचयातल्या एक बाई आहेत," ती म्हणाली. "ये, बस. गार होतंय."